धुराची साक्ष

साहित्याच्या त्रैमासिकात राजपत्रातल्या तक्त्याचे परीक्षण कशासाठी, असे काही मित्र विचारतील. कविता, कथा, आत्मकथने यांची समीक्षा करावयाची सोडून हा गृहस्थ चिमण्या मोजीत का बसला आहे, असेही म्हणतील. माझे उत्तर साधे आहे. ज्या मजकुराने माणसांची प्रतवारी होते तो मजकूर वाचणे हे आमच्या समीक्षेचे पहिले काम आहे. महाडला १९२७ साली मनुस्मृती जाळली गेली ती तिच्यातले वृत्त चुकले होते म्हणून नव्हे. हवेची मानके हाही असाच एक प्रतवारीचा मजकूर आहे. तो कोरडा आहे, आकड्यांनी भरलेला आहे, त्यामुळे त्याच्यावर सहसा कोणी संशय घेत नाही.

१९८१ साली हवा प्रदूषणाच्या प्रतिबंधाचा व नियंत्रणाचा अधिनियम झाला. १९८२ साली केंद्रीय मंडळाने परिसरातील हवेची पहिली मानके ठरविली. त्या तक्त्याला तीन रकाने होते. पहिला औद्योगिक व मिश्र वापराच्या भागाचा, दुसरा निवासी व ग्रामीण भागाचा, तिसरा संवेदनशील भागाचा. हवेत तरंगणाऱ्या धूलिकणांची मर्यादा पहिल्या रकान्यात दर घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅम, दुसऱ्यात २००, तिसऱ्यात १००. १९९४ साली मानके सुधारली गेली. वार्षिक सरासरीची मर्यादा अनुक्रमे ३६०, १४० आणि ७० झाली. आकडे हलले, रकाने तीनच राहिले.

संवेदनशील भाग म्हणजे कोणता? थंड हवेची ठिकाणे, अभयारण्ये, राष्ट्रीय स्मारके, आरोग्यधामे. म्हणजे स्मारकाच्या दगडाला ७० ची हवा आणि कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून राहणाऱ्या माणसाला ३६० ची. पाचपटीहून अधिक. औद्योगिक भागातील माणसाचे फुप्फुस निराळ्या मातीचे असते असे कोणत्याही वैद्यकाच्या पुस्तकात लिहिलेले नाही. तरीही सत्तावीस वर्षे हा तक्ता या देशात कायदा म्हणून चालला.

तक्ता करणाऱ्यांच्या मनात जात होती असे मी म्हणत नाही. बहुधा नव्हती. जेथे कारखाने आहेत तेथील हवा आधीच वाईट, तेव्हा तेथे कडक मर्यादा पाळणे शक्य होणार नाही, असा तो व्यवहारी हिशेब होता. परंतु येथल्या समाजात 'कोठे' या प्रश्नाच्या पोटात 'कोण' हा प्रश्न असतोच. महारवाडा बहुधा गावाच्या पूर्वेला का, याचे उत्तर जुनी माणसे देत असत. वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो, आणि वस्तीवरून आलेला वारा गावाच्या अंगाला लागू नये. वाऱ्याच्या दिशेचे हे शास्त्र गावगाड्याला कोणत्याही वेधशाळेआधी अवगत होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत आमच्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या थुंकीचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला होता. विणाईत मजुरी अधिक, हे आपण नेहमी सांगतो. दुसरी गोष्ट सांगत नाही. कापसाची धूळ विणाईत त्या मानाने कमी उडते. ती उडते कापूस पिंजण्याच्या आणि सूत कातण्याच्या टप्प्यांत. सुटीनंतर सोमवारी कामावर जाताच छाती आवळणारा बिसिनोसिस नावाचा रोग आहे, तो त्या धुळीचा. विटाळाने कोणाच्या वाट्याला कोणती हवा येईल हे ठरविले होते. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ सालची. ती बंद झाली तेव्हा तिच्या कामगारांच्या देण्यांचे हिशेब पुष्कळ झाले. त्यांच्या छातीचा हिशेब कोणी मागितला नाही, आम्हीही नाही.

२००९ च्या नोव्हेंबरात मानके पुन्हा बदलली. औद्योगिक आणि निवासी हे दोन रकाने एक झाले. दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांसाठी वर्षाची सरासरी ६०, अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी ४०, सर्व माणसांना सारखी. ही सुधारणा मोठी होती आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म कणांसाठी ५ ची शिफारस केली आहे, तिच्या तुलनेत ४० फारच सैल आहे हेही खरे. पण कागदावर का होईना, एका देशाची एक हवा झाली होती.

ती किती काळ टिकली हे पाहण्यासाठी नागपूरच्या उत्तरेला जावे लागेल.

कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. खापरखेड्यात १९८९ पासून २१० मेगावॉटचे चार संच आले आणि २०११ साली ५०० मेगावॉटचा पाचवा. कोराडीचे बहुतेक जुने संच पुढे बंद झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॉटचे तीन नवे संच उभे राहिले. आज दोन्ही केंद्रे मिळून साडेतीन हजार मेगावॉट क्षमता शहराच्या उत्तर अंगाला आहे. कोराडीत आणखी दोन ६६० चे संच उभारण्याचा प्रस्ताव आला आणि २९ मे २०२३ रोजी, विदर्भाच्या भर उन्हात, त्याची जनसुनावणी झाली. कोराडीहून सीताबर्डी अकरा किलोमीटर, इंदोरा आठ-नऊ. इंदोरा, बेझनबाग, टेका, नारी ही उत्तर नागपूरची वस्ती कोणाची आहे हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगावयास नको. पूर्वेला दहा किलोमीटरवर कामठी.

आपल्याकडचा कोळसा राखेचा. शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. यातली बरीचशी चिमणीच्या वाटेने जाते, तिला अडविण्यासाठी चिमणीआधी ईएसपी नावाची यंत्रणा असते. तिच्यात विजेचा उच्च दाब देऊन राखेच्या कणांना भार देतात, ते पत्र्यांना चिकटतात, पत्रे ठोकून राख खाली पाडतात. यंत्रणा नीट चालली तर शंभरातले नव्व्याण्णवहून अधिक भाग राख अडते. पण तिची काही खाती बंद पडली, पत्र्यांची ठोकणी बिघडली, तर उरलेला एक भाग तीन-चार भाग होतो, म्हणजे धूर तिप्पट-चौपट होतो, आणि वीजनिर्मितीत मात्र काडीचाही फरक पडत नाही. ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. नियंत्रण यंत्रणा बिघडल्याने ज्याचे काहीच बिघडत नाही, त्याच्यावर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी आहे. अडविलेली राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. १६ जुलै २०२२ ला पावसात खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि ती राख शेतांत, नाल्यांत, गावांत शिरली. चिमणीतून वाचविलेली हवा पाण्यात गेली, इतकेच.

चिमणी उंच असावी असा नियम आहे. ५०० मेगावॉट व त्यावरील संचांना २७५ मीटर. उंच चिमणीने धूर कमी होत नाही, तो लांब जातो. नागपूरच्या हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते आणि थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसते. उंच चिमणीचा धूर पुष्कळदा त्या झाकणाच्या वर तरंगत राहतो. सकाळी ऊन चढू लागले की झाकण मोडते आणि वर साठलेला धूर ढवळून खाली येतो. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून, ईशान्येकडून. ही वेळ शाळा भरण्याची असते.

आता यंत्रे कोठे उभी आहेत ते पाहू. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, याच शहरात आहे. १९५८ साली दुसऱ्या नावाने ती येथे सुरू झाली. पर्यावरणाचे राष्ट्रीय शास्त्र ज्या शहरात राहते, त्या शहरात हवेचे आकडे ताबडतोब दाखविणारे स्वयंचलित केंद्र कित्येक वर्षे एकच होते. ते होते सिव्हिल लाइन्समध्ये, जीपीओसमोर. बंगले, जुनी झाडे, उच्च न्यायालयाचा परिसर. नंतर अंबाझरी, रामनगर आणि महाल येथे केंद्रे झाली. या चार नावांत उत्तर नागपूरचे नाव नाही. कामठी नाही, कोराडीच्या भोवतीची गावे नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरचे नाव मानके न पाळणाऱ्या शहरांत आहे. शहर पास की नापास हे ज्या आकड्यांवरून ठरते, ते आकडे ज्या वस्त्यांत गोळा होतात त्या वस्त्या पाहून मला शाळा-तपासणीस येणार म्हणून हुशार मुले पुढच्या बाकावर बसविणारे गुरुजी आठवतात.

जुन्या पद्धतीची, हाताने चालविण्याची केंद्रे निराळी. त्यांत गाळणकागद आधी तोलतात, चोवीस तास हवा ओढतात, पुन्हा तोलतात. वर्षाला किमान १०४ दिवस असे मोजावे असा नियम आहे. उरलेले २६१ दिवस हवेला सुटी. यंत्राचे तोंड जमिनीपासून तीन मीटर किंवा त्याहून वर असावे, हाही नियम. पहाटे रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगार बाईचे नाक पाच फुटांवर असते आणि झाडू त्याहून खाली. तिच्या हवेसाठी कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

आणि सरासरी. सरासरी हा शब्द मोठा निरागस वाटतो. सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा ६० आहे. समजा, एखाद्या वस्तीत रात्री एक तास हवेत ५०० कण आले आणि उरलेले तेवीस तास ४० राहिले. गणित करा: ५०० अधिक ९२०, भागिले २४. उत्तर ५९ च्या किंचित वर. हवा कायदेशीर. त्या एका तासात दम्याच्या पोराला घेऊन मेयो इस्पितळाकडे धावणारी आई सरासरीत बसत नाही. प्रस्थापित समाजशास्त्रातही हीच युक्ती असते. देशाचे सरासरी उत्पन्न वाढले, सरासरी साक्षरता वाढली. ज्याच्या घरी काही वाढले नाही तो त्या सरासरीतच गडप होतो.

येथून मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका जनसुनावणीला मी गेलो होतो. गाव आणि प्रकल्प यांची नावे येथे महत्त्वाची नाहीत. मंडपात पुढे अधिकारी, बाजूला कंपनीची माणसे, मागे गाव. अहवाल इंग्रजीत, जाडजूड. मराठीत फक्त सारांश. त्या जाड अहवालासाठी हवा एकाच मोसमात मोजली होती, पावसाळा सोडून. नियमाला तेवढेच पुरते. सत्तरीच्या आसपासची एक बाई उठली. तिने पिशवीतून पांढरे पातळ काढले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाताना नेसावयाचे, वर्षभर जपलेले. "साहेब, हे काल धुतलं अन् दोरीवर टाकलं. आता तुमीच हात लावून पाहा." तिने पातळ झटकले. समोरच्या टेबलावर बारीक करडी राख पडली. अधिकारी सभ्य होते. ते म्हणाले, "आजी, तुमची भावना आम्ही नोंदवून घेतली."

भावना! मी त्या शब्दापाशी अडखळलो, तो आजवर. टेबलावर पडलेली राख हा पदार्थ होता. ती तोलता आली असती, तपासता आली असती. तिला भावना म्हटल्याबरोबर ती राख राहिली नाही.

हे आम्हाला नवे आहे का? दलित साहित्य लिहिले जाऊ लागले तेव्हा मराठीचे समीक्षक काय म्हणाले ते आठवा. हे अनुभवाचे कागदपत्र आहे, समाजशास्त्राला उपयोगी पडेल, पण यात कला कोठे आहे? म्हणजे आम्ही साहित्याच्या दारात गेलो तर ते म्हणतात, हा पुरावा आहे, साहित्य नव्हे. आणि पुरावा घेऊन मंडळाच्या दारात गेलो तर ते म्हणतात, ही भावना आहे, पुरावा नव्हे. दोन्ही दारांवरचे रखवालदार निराळे, पण त्यांचे काम एकच. साक्ष कोणाची धरावयाची याचा अधिकार आपल्याकडे ठेवणे. गावात चावडीवर महाराची साक्ष दुरून घेतली जाई. तिचे वजन किती, हे चावडीवर बसलेले ठरवीत.

कायद्यात हे कसे बसविले आहे ते पाहण्यासारखे आहे. १९८१ च्या अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे चिमणीतील धुराचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला सूचना देऊन, ठरलेल्या रीतीने घ्यावयाचा, मोहोरबंद करावयाचा, सह्या करावयाच्या आणि प्रयोगशाळेत पाठवावयाचा. असे झाले तरच त्याचे पृथक्करण न्यायालयात पुरावा. आरोपीला अन्यायाने गुंतविले जाऊ नये यासाठी ही रीत योग्यच आहे, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार ही की चिमणीतून धूर सोडणाऱ्याच्या रक्षणासाठी एवढी रीत आहे, आणि तो धूर घेणाऱ्याच्या साक्षीसाठी काहीच रीत नाही. त्यात २०२३ च्या जनविश्वास अधिनियमाने, १ एप्रिल २०२४ पासून, मानकापेक्षा अधिक धूर सोडण्याबद्दलची तुरुंगवासाची शिक्षा काढून टाकली. आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड. साडेतीन हजार मेगावॉटच्या जगात पंधरा लाख म्हणजे काय हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगावे.

आता पुन्हा रकान्यांकडे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या चिमण्यांसाठी नवी मानके काढली. गंधकाच्या धुरावर, म्हणजे सल्फर डायऑक्साइडवर, या केंद्रांना देशात प्रथमच मर्यादा आली. दोन वर्षांत पाळावयाची होती. मुदत वाढली, पुन्हा वाढली. २०२१ साली मुदतीसाठी केंद्रांचे तीन वर्ग करण्यात आले. दहा लाखांवरच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतली पहिल्या वर्गात, अतिप्रदूषित क्षेत्रांच्या किंवा मानके न पाळणाऱ्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आतली दुसऱ्या, उरलेली तिसऱ्या. आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तिसऱ्या वर्गाला गंधकाच्या मर्यादेतूनच सवलत दिली. देशातले सुमारे तीन-चतुर्थांशांहून अधिक संच या वर्गात मोडतात. दुसऱ्या वर्गाचे प्रकरणागणिक ठरावयाचे.

२००९ साली पुसलेले तीन रकाने अशा रीतीने परत आले. पूर्वी जमिनीचे होते, आता वर्तुळाचे आहेत. वर्तुळाच्या केंद्रस्थानी दहा लाख माणसांचे शहर असेल तर तुमच्या वाट्याला गंधक कमी. तुमचे गाव दहा हजारांचे, किंवा अकराव्या किलोमीटरवर असेल, तर तुमची छाती तिसऱ्या वर्गाची. विदर्भातल्या कोळसापट्ट्यात अशी गावे पुष्कळ आहेत. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल सांगितले ते हेच, की तीत प्रत्येक पायरीला खाली पाहावयास एक पायरी मिळते आणि म्हणून कोणी पायऱ्याच मोडावयास एकत्र येत नाही. नागपूरकर आपण वरच्या वर्गात बसतो का एवढे पाहील आणि गप्प राहील, ही भीती मला वाटते.

या सवलतीच्या समर्थनासाठी ज्या अभ्यासांचा हवाला दिला गेला त्यांत नीरीचाही आहे. युक्तिवाद असा: आपल्या कोळशात गंधक कमी, आणि देशात हवेतील सल्फर डायऑक्साइड बहुतेक ठिकाणी मर्यादेतच आढळतो. आकडे खोटे नसतील. पण सल्फर डायऑक्साइड हवेत सल्फर डायऑक्साइड म्हणून फार काळ राहत नाही. वाऱ्याबरोबर जाता जाता त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. तेथे ते सापडतात ते धूलिकणांच्या रकान्यात, गंधकाच्या नव्हे. चोर वेष पालटून पुढच्या गावी गेला आणि आपण पहिल्या गावात त्याच्या जुन्या कपड्यांचा शोध घेत आहोत.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पर्यावरणाची जी पांढरपेशी चळवळ आहे, तिच्या गावाकडे-चला या गाण्यात मी सूर मिसळणार नाही. गाव काय आहे हे आम्हाला ठाऊक आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना वीज हा त्यांच्या खात्याचा विषय होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मांडले की औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही आणि त्यासाठी वीज स्वस्त आणि मुबलक हवी. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे त्यांनी म्हटले. कोराडी राज्याच्याच मालकीचे आहे. म्हणजे हे आमच्या स्वप्नाबाहेरचे नाही, आमच्या स्वप्नाच्या आतले आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल बोलणे अवघड आहे. त्या केंद्रांत आमची मुले कंत्राटी कामावर आहेत. राखेच्या विटा पाडणारे, राखेचे ट्रक भरणारे कोण आहेत? चिमणी पाडा, असे मी म्हणत नाही. पण मालक राज्य, मोजणारे मंडळ राज्याचे, आणि सवलत देणारे केंद्राचे सरकार, अशा तिघांच्या पंचायतीत धूर घेणाऱ्याला पंच म्हणून जागा नाही. बाबासाहेबांच्या राज्यसमाजवादाला संसदीय लोकशाहीची जोड होती, ती अशा पंचायतीसाठी नव्हती.

मोजणाऱ्याला पगार कोण देतो यावर आकडा ठरतो, हे आता सिद्ध झाले आहे. गुजरातेत कारखान्यांच्या प्रदूषणाची तपासणी खाजगी तपासनिसांकडून होत असे. तपासनीस कारखानदाराने निवडावयाचा, पैसेही त्यानेच द्यावयाचे. एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०११ या काळात तेथे एक प्रयोग केला. चिमणीतील धूलिकणांची मर्यादा होती १५०, आणि नेहमीच्या पद्धतीत तपासनिसांचे आकडे १५० च्या अगदी खाली गर्दी करून उभे असत. काही कारखान्यांसाठी तपासनीस चिठ्ठीने ठरविला, पैसे सामायिक निधीतून दिले, आणि काही तपासण्या दुसऱ्याकडून पुन्हा करविल्या. आकडे खरे येऊ लागले, आणि नंतर त्या कारखान्यांचा धूरही घटला. सुरतेत २०१९ पासून धुराच्या परवान्यांच्या खरेदी-विक्रीची योजना आहे. धूलिकण वीस ते तीस टक्के घटल्याचे अभ्यास सांगतो. हवेचा बाजार मांडणे मला रुचत नाही. पण तेथेही खरे काम अखंड मोजणीने आणि चुकविता न येणाऱ्या दंडाने केले असावे, असे मला वाटते. आपल्याकडे २०१४ पासून अतिप्रदूषक उद्योगांना चिमणीत अखंड मोजणारी यंत्रे बसविणे सक्तीचे आहे. पण यंत्र कारखान्याचे, देखभाल कारखान्याची. २०१७ साली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची योजना काढली. कल्पना चांगली. तारे देणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून वस्तीचा माणूस बसेल तर अधिक चांगली.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांशी आमचे नाते १९७२ पासून, पँथर या नावापासून, आम्ही सांगत आलो. ज्या १९८२ साली आमच्याकडे तीन रकान्यांचा तक्ता आला, त्याच साली उत्तर कॅरोलायनातील वॉरन काउंटीत, बहुसंख्य काळ्यांच्या भागात विषारी माती पुरण्याविरुद्ध माणसे रस्त्यावर आडवी झाली आणि पाचशेहून अधिकांना अटक झाली. १९८७ साली तेथल्या एका चर्च-आयोगाने देशभरची पाहणी करून दाखविले की विषारी कचऱ्याची जागा कोठे असेल हे उत्पन्नापेक्षाही वंशावरून अधिक नेमके सांगता येते. त्यांनी घोषणेबरोबर नकाशा केला. आम्ही त्यांची कविता घेतली, नकाशा घेतला नाही. आमच्या आत्मकथनांत पाणवठा आहे, भूक आहे, देऊळ आहे, शाळा आहे. श्वास फार थोड्या ठिकाणी आहे. लेखकाने हे लिहावे असा हुकूम मी काढीत नाही, उणीव दाखवितो.

नकाशा करणे अशक्य नाही. तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावकऱ्यांनी २००४ च्या सुमारास बादलीत बसविलेल्या पिशवीने हवेचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठविले आणि त्यातून तेथील विषारी वायूंची नावे बाहेर आली. आता तर प्रकाशाच्या विखुरण्यावरून सूक्ष्म कण मोजणारी लहान, स्वस्त यंत्रे मिळतात. ती पावसाळी दमट हवेत चुकतात, आकडा फुगवून सांगतात, हे आधीच मान्य करून ठेवावे. नाहीतर पहिल्याच सभेत साहेब त्यावरच बोट ठेवतील. म्हणून एक यंत्र काही दिवस जीपीओसमोरच्या सरकारी केंद्राजवळ ठेवून दोन्हींचे आकडे ताडून घ्यावेत, मग वस्तीत न्यावे. इंदोऱ्यातले एखादे बुद्धविहार, कामठीतली एखादी शाळा, खसाळा, वारेगाव, एवढ्यापासून आरंभ करता येईल. महाविद्यालयांतल्या शास्त्र शाखेच्या मुलांना हे काम शिकविण्यास आठवडा पुरे.

१९८७ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये एक वाट ठेवली आहे, ती फार थोड्यांना माहीत आहे. कोणाही नागरिकाला मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन तक्रार पुढे नेता येते, आणि मागितल्यास मंडळाने आपल्याजवळचे संबंधित अहवाल त्या माणसाला द्यावयाचे असतात. सार्वजनिक हिताला बाध येतो असे म्हणून मात्र नाकारता येतात. नाकारले तर नकार लेखी मागावा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. अर्ज मराठीत करावा, चिमणीचा संच-क्रमांक आणि तारखा घालून. वस्तीत नोंदवही ठेवावी. तीत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, यंत्राचा आकडा, दोरीवरच्या कपड्यांची अवस्था, त्या रात्री दवाखान्यात कोणाला न्यावे लागले ते, आणि खाली दोन शेजाऱ्यांच्या सह्या. अंगठा असला तरी चालेल.